स्मोकिंग एरिया आज कुठे?

रिसॉर्टच्या रिसेप्शनवर बसलेल्या मुलीला पाहुणे आल्या आल्या ठरलेल्या गोष्टी विचारतात. वायफायचा पासवर्ड काय, नाश्ता कधीपर्यंत मिळेल आणि स्मोकिंग एरिया कुठे आहे. पहिल्या दोन्हींची उत्तरं मला पाठ होती. तिसऱ्याला मात्र मी "थांबा हं, विचारून सांगते" म्हणायचे आणि फोन उचलायचे. पलीकडून काकांचा संथ आवाज यायचा.

"आत्ता बांबूच्या बेटामागे. पण ते जेवून ओढणार असतील तर आत्ता सांगू नका. तोपर्यंत बदलेल."

पाहुण्यांना वाटायचं, ही मुलगी आपली थट्टा करतेय.

काका आमचे सेफ्टी इन्चार्ज. त्यांना नाव होतं, पण शेठपासून भांडी घासणाऱ्या मावशींपर्यंत कुणीच ते वापरत नसे. साठी ओलांडलेला उंच माणूस. पांढरा हाफ शर्ट, खिशाला लटकवलेली शिट्टी आणि पायात कारखान्यातले लोखंडी टोकाचे बूट. पूलच्या कडेने लोक ओल्या अंगाने अनवाणी फिरत असायचे आणि त्यांच्यामधून ते बूट टक टक करत जायचे. लहान मुलं खेळायची थांबून बघत राहायची.

बदलापूर सोडून बारवीच्या रस्त्याला लागलं की डोंगराच्या पायथ्याशी आमचं रिसॉर्ट होतं. पुढे पूल, मधे लॉन, बाजूला खोल्या आणि मागच्या फाटकापलीकडे भातशेतं. मी विठ्ठलवाडीहून रोज जायचे. मालक उल्हासनगरचे फर्निचरवाले शेठ. जागा झकास चालली होती. मग एका पाहुण्याने इंटरनेटवर लिहिलं, "खोली चांगली आहे, पण उशीला सिगरेटचा वास येतो." शेठने ते वाक्य मला पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावलं, जणू वाचता वाचता ते बदलेल. मग त्यांनी 'हे रिसॉर्ट धूरमुक्त आहे' अशा पाट्या करून आणल्या आणि त्या पाट्यांना माणूस हवा म्हणून काकांना बोलावलं.

काकांनी उभा जन्म अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत सेफ्टी ऑफिसर म्हणून काढला होता. मुलाखतीला ते माझ्यासमोरच बसले होते. शेठने काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुमचा असेंब्ली पॉइंट कुठे आहे?"

"वो क्या होता है?"

"आग लागली तर सगळ्यांनी पळून जिथे एकत्र जमायचं ती जागा."

"अरे काका, आग लगी तो सब पूल में कूद जाएंगे ना."

काका हसले नाहीत. त्यांनी वळून पूलकडे पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "सगळ्यांना पोहता येत नसतं, शेठ." त्याच संध्याकाळी पार्किंगच्या कोपऱ्यात हिरवी पाटी लागली, 'असेंब्ली पॉइंट'.

त्यांनी पहिला नियम केला तो फाटकावर. कारखान्यात कामगार आत जाताना काडेपेटी गेटवर जमा करतो आणि पितळी बिल्ला घेतो. तसंच इथेही. मुंबईहून गाडी भरून आलेल्या माणसांकडे मी फाटकावर जाऊन लायटर मागायचे आणि त्यांच्या हातावर बिल्ला ठेवायचे. एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, हे हॉटेल आहे की तुरुंग?" काका मागेच उभे होते. अदबीने म्हणाले, "साहेब, काडी छोटी असते, चौकशी मोठी होते." गृहस्थांनी लायटर दिला.

एक मात्र सांगायला हवं. काकांनी स्वतः कधी सिगरेट तोंडाला लावली नव्हती, पण ओढणाऱ्यांवर ते कधी चिडले नाहीत. आरोग्यावर भाषण नाही, तोंड वाकडं करणं नाही. ते त्यांच्याशी ज्वलनशील माल नीट पोचवावा तसे वागायचे. ऊन असलं तर डोक्यावर छत्री धरून न्यायचे, जिन्यावर "सावकाश" म्हणायचे आणि शेवटी लायटर स्वतः पेटवून द्यायचे. किती तरी पाहुणे मला जाताना म्हणायचे की सिगरेट ओढताना इतका मान आयुष्यात कुणी दिला नाही.

पण त्यांचं खरं वेड होतं वारा.

सुरुवातीला स्मोकिंग एरिया इतर हॉटेलांसारखाच एका जागी होता, किचनच्या मागे. दुसऱ्याच आठवड्यात वरच्या खोलीतल्या बाईंनी तक्रार केली की खिडकीतून धूर आत येतो. काकांनी खिडकीत उभं राहून वास घेतला, बोट ओलं करून हवेत धरलं आणि निकाल दिला, "एरिया चुकीचा नाही. वारा फिरलाय." शेठ म्हणाले, मग खिडकी बंद ठेवायला सांगा. काका म्हणाले, "पैसे त्यांनी खिडकीचे दिलेत. ओढणाऱ्याने जागा बदलायची."

त्यांनी भेळेची एक जुनी हातगाडी मिळवली. तिच्यावर 'धूम्रपान क्षेत्र' ही पाटी, वाळूची बादली, आग विझवायचा लाल सिलिंडर आणि घडीच्या खुर्च्या चढवल्या. झालं. त्या दिवसापासून आमचा स्मोकिंग एरिया चाकांवर आला. वारा फिरला की काका गाडी ढकलत निघायचे आणि ओढणारे खुर्च्या उचलून मागून. पेटलेली सिगरेट हातात घेऊन चालायला बंदी होती, म्हणून निघण्याआधी सगळ्यांनी ती वाळूत विझवायची आणि नव्या जागी नवी पेटवायची. एका पाहुण्याने मला सांगितलं की इथे आल्यापासून त्याची सिगरेट निम्म्यावर आली, कारण अर्धा वेळ तो नुसता चालतच असतो.

वारा कळावा म्हणून कारखान्यात उंच खांबावर कापडी पिशवी बांधतात. काकांनी शेठकडे तशी पिशवी मागितली. शेठच्या मेहुण्याचा उल्हासनगरात जीन्सचा कारखाना होता, तिथून एक फसलेली पँट आली. काकांनी तिचा एक पाय कापला, तोंडाला तारेची कडी शिवली आणि गच्चीवरच्या बांबूला बांधला. तेव्हापासून आमच्या रिसॉर्टवर निळ्या जीन्सचा एकच पाय दिवसरात्र हवेत लाथा मारत असायचा. लोक फोटो काढायचे. आजूबाजूच्या पाड्यांत बोलवा झाली की शेठने दृष्ट लागू नये म्हणून बांधलाय. मागच्या शेतातल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याने तर आपल्या माळ्यावर जुन्या लेंग्याचा पाय बांधला. मी विचारलं, "आजोबा, हे कशाला?" तर म्हणाला, "तुमचा धंदा बरा चाललाय, म्हंगलं आपन पन लावू."

शेठ स्वतः ओढायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते आपल्या केबिनमध्ये दार लावून ओढायचे. एकदा काकांना पॅसेजमध्ये वास आला. त्यांनी दार वाजवलं नाही, शिट्टी वाजवली. लांब, तुटक, कारखान्यातली. मग हातातला भोंगा तोंडाला लावून "सर्वांनी शांतपणे असेंब्ली पॉइंटकडे चला" असं सांगत त्यांनी अख्खं रिसॉर्ट बाहेर काढलं. ओली मुलं, टॉवेल गुंडाळलेले बाप, पिठाचे हात घेऊन आचारी, सगळे पार्किंगमध्ये. शेवटी शेठ आले, सगळ्यांची नजर चुकवत.

"काका, मैं मालिक हूँ."

"धुराला ते माहीत नाही, शेठ."

त्या दिवशी काकांची नोकरी जाणार असं आम्हाला वाटलं होतं. पण एका पाहुण्याने आनंदाने लिहिलं की इथे मुलांसाठी नवनवे खेळ घेतात, आणि शेठ गप्प बसले. पुढे तेही गाडीमागे खुर्ची घेऊन चालायला लागले.

आता त्या साखरपुड्याचं सांगते.

मार्चअखेरची दुपार होती. त्या दिवसांत डोंगरावरून उतरणारं वारं एका जागी ठरत नाही. मुलगी बदलापूरजवळच्या गावातली, शेतकरी घरातली, नोकरी करणारी. मुलाकडची मंडळी अंबरनाथची. लॉनवर झालरींचा मांडव, मखमली सोफे, थर्माकोलमध्ये कोरलेली दोघांची नावं. शंभरेक माणूस जमलं होतं.

मुलाकडून मुख्य माणूस म्हणजे त्याचे मामा. मुलाचे वडील लवकर गेलेले, मामांनीच त्याला वाढवलेलं. सफारी घातलेला जाडजूड माणूस. आल्यापासून ते फुगलेले होते, कारण माईकवरून मुलीच्या काका-आत्यांची नावं घेतली गेली आणि मामांचं राहिलं. शेवटी ते उठले आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, "ओढायची जागा कुठाय?"

मी काकांकडे बोट दाखवलं. मामा निघाले तसे मुलाकडचे बाकीचे बाप्येही निघाले. त्यांच्यात ओढणारे पुष्कळ होते, आणि जे ओढत नव्हते ते मामांची समजूत काढायला.

गाडी आधी पूलच्या बाजूला होती. मामांनी सिगरेट तोंडात धरली आणि गच्चीवरचा निळा पाय मांडवाकडे वळला. काका म्हणाले, "माफ करा मामासाहेब, वारा फिरला." सगळे खुर्च्या घेऊन किचनमागे गेले. तिथे पेटवली तोच पाय पुन्हा वळला. मग बांबूचं बेट. तिथेही तेच. काकांनी बोट ओलं करून चारही दिशांना धरलं. आज प्रत्येक वारा फिरून मांडवातच शिरत होता. मग एकच उपाय होता, लांब जाण्याचा. काकांनी मागचं फाटक उघडलं.

मी मांडवाजवळ उभी होते. तिथून जे दिसलं ते असं की पुढे एक उंच माणूस हातगाडी ढकलतोय, त्याच्यामागे मुलाचे मामा, त्यांच्यामागे मुलाकडचे सगळे बाप्ये, प्रत्येकाच्या हातात खुर्ची, आणि ही रांग मागच्या फाटकातून बाहेर पडून शेताच्या बांधावरून डोंगराच्या दिशेने चाललीय.

मुलीच्या एका मावशीने ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बाई, पाहुणे उठून चालले."

मांडवात एकच गलका उडाला. मुलीची आई खाली बसली. मुलीचे वडील फेटा सावरत बांधाकडे धावले आणि मीही त्यांच्यामागे.

शेतात पोचलो तेव्हा काका गाडी लावून वाळूची बादली सारखी करत होते. म्हातारा शेतकरी आपल्या बांधावर विडी ओढत बसला होता. काका त्याला म्हणाले, "आजोबा, जरा पाटीजवळ येऊन ओढा." तो आपल्याच शेतात उठून पाटीखाली येऊन बसला. मामांकडे बघत म्हणाला, "जेवान हाय का इकरं?"

मुलीच्या वडिलांना धाप लागली होती. त्यांनी मामांपुढे हात जोडले. "मामासाहेब, काय चुकलं आमचं? असे न सांगता निघालात?"

मामा तर सिगरेट ओढायला आले होते. पण समोर फेटा बांधलेला माणूस हात जोडून उभा, आणि मनात माईकचा राग. त्यांनी संधी घेतली. "हो, निघालोय," ते म्हणाले. "जिथे मामाचं नाव घ्यायला तोंड उघडत नाही, तिथे थांबून काय करायचं?"

दोन मिनिटांपूर्वी जे नुसतं चालणं होतं, ते आता खरोखर निघून जाणं झालं होतं. काका मधे पडले. "हे निघालेले नाहीत. मी आणलंय त्यांना. वाऱ्यामुळे."

"कसला वारा?" मुलीचे वडील म्हणाले.

काकांनी लांबवर फडफडणारा जीन्सचा पाय दाखवला. त्या बापाने पायाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि थट्टा वाटून त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्यात शेठही पोचले. "मामाजी, आप हुकूम करो. क्या चाहिए?"

मामांनी खुर्चीवर बसून विचार केला. मागे फिरायला काही तरी निमित्त हवं होतं, आणि ते मोठंही हवं होतं. म्हणाले, "मी मांडवात बसून ओढणार. सगळ्यांच्या समोर. चालत असेल तर येतो."

"चलेगा, चलेगा," शेठ म्हणाले.

"नाही चालणार," काका म्हणाले.

शेठने त्यांना बाजूला घेतलं. मला ऐकू येत होतं. "काका, लडकी की शादी टूट जाएगी. मेरा नाम खराब होगा. आज एक दिन आँख बंद करो. नहीं तो कल से मत आना." काका हाताची बोटं शिट्टीवर फिरवत राहिले. इतका गोंधळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात मुलगी आली. शालू घोट्यापर्यंत उचललेला, पायात चप्पल नाही, धसकटांतून तशीच चालत आली होती. तिने वडिलांना विचारलं काय झालं, ऐकून घेतलं आणि काकांना म्हणाली, "काका, मांडव एवढा मोठा आहे. मामांना तोच स्मोकिंग एरिया देऊन टाका. आम्ही दुसरीकडे बसतो. कार्यक्रमाला कुठली जागा चालेल तुम्हाला?"

काकांचा चेहरा उजळला. "पार्किंग," ते म्हणाले. "असेंब्ली पॉइंट आहे. सगळ्यांनी एकत्र जमायला तीच जागा."

शिट्टी वाजली. भोंग्यावरून "शांतपणे चला, धावू नका" सुरू झालं आणि साखरपुड्याची शंभरेक माणसं, भटजी, ओटीची ताटं, केक, सगळं पार्किंगमध्ये हललं. हातगाडी मांडवात आली. मामा रुबाबात मखमली सोफ्यावर जाऊन बसले.

"एक मिनिट, मामासाहेब," काका म्हणाले. "स्मोकिंग एरियात जळण्यासारखं काही चालत नाही."

त्यांनी मांडववाल्यांना बोलावलं. आधी झालरी उतरल्या. मग छताचं कापड. मग फुलं, गालिचा, थर्माकोलची नावं. शेवटी मामांना उठवून सोफा काढला आणि लोखंडी खुर्ची दिली. रणरणत्या उन्हात उघड्याबोडक्या पाइपांच्या सांगाड्यामध्ये मामा एकटे बसले. काकांनी बादली जवळ सरकवली, वाकून सिगरेट पेटवून दिली आणि अदबीने दूर उभे राहिले.

मामांनी झुरका घेतला. पार्किंगमधून भटजींचा आवाज येत होता, बायकांचं हसणं येत होतं. कुणी तरी कुणाचं नाव घेत होतं. मामा तिकडे बघायचे आणि पुन्हा सिगरेटकडे.

मग त्यांची बहीण, म्हणजे मुलाची आई, गाड्यांच्या मधून वाट काढत आली. पाइपापाशी थांबून म्हणाली, "दादा, संपली का?"

"अर्धी राहिलीय."

"मग विझव. अंगठी द्यायला तुझ्याशिवाय कोण आहे त्याला?"

मामांनी शेवटचा एक झुरका घेतला. मग उरलेली अर्धी वाळूत खुपसली आणि उठले. काका त्यांच्या डोक्यावर छत्री धरून त्यांना पार्किंगपर्यंत घेऊन गेले. तिथे पोचल्यावर ड्रिलमध्ये करायचे तसंच त्यांनी केलं. नजरेने माणसं मोजली, मुलाच्या आईला हळूच नाव विचारलं, भोंगा उचलला आणि मामांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, घेऊन मोठ्याने जाहीर केलं की मुलाचे मामा असेंब्ली पॉइंटवर पोचले आहेत आणि आता सर्व जण सुखरूप आहेत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी रुमालाने डोळे पुसले. काकांना वाटलं, धूर गेला असेल.

साखरपुडा झाला. लग्नही झालं. पण मांडववाल्याने शेठशी भांडण काढलं, आणि पावसाळ्याआधी शेठने पूलशेजारी एक काचेची खोली बांधून घेतली. आत पंखा, धूर ओढून छतावर सोडणारा. दारावर 'स्मोकिंग लाउंज'. काच आली तशी वाऱ्याची गरज संपली. शेठ काकांना म्हणाले, "आप बहुत अच्छे आदमी हो," आणि वाक्य तिथेच सोडलं. काकांनी पुढचं ओळखून शिट्टी टेबलावर ठेवली.

त्या दिवशी आम्ही बरोबरच निघालो. स्टेशनला जाणाऱ्या रिक्षात मी विचारलं, जे इतके दिवस मनात होतं. "काका, कंपनीत काही झालं होतं का? मोठी आग वगैरे? म्हणून तुम्ही एवढं जपता?"

"काही नाही झालं," ते म्हणाले. "तेच तर. माझ्या नोकरीत एकदाही काही झालं नाही. निरोप समारंभाला साहेब म्हणाले, तुमच्या काळातला एखादा प्रसंग सांगा. मी माईक धरून उभा राहिलो. खूप आठवून पाहिलं. मग म्हटलं, एकही नाही, आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, मला बोलता येत नाही."

रिक्षा थोडी पुढे गेल्यावर ते चाचरत म्हणाले, "तुम्ही आज अंबरनाथला उतराल का? तो साखरपुड्याचा प्रसंग मी घरी सांगितला, तर हिचा विश्वास बसत नाही. म्हणते, तुमच्या आयुष्यात असलं कुठून होणार?"

मी लोकलमधून त्यांच्याबरोबर अंबरनाथला उतरले. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी पाटावर बसून मी काकूंना सगळं सांगितलं. काका बाजूला ताठ बसून मधेच दुरुस्ती करायचे, "सफारी राखाडी नव्हती, बदामी होती." शेतात विडीवाल्या आजोबांना पाटीखाली बसवल्याचं ऐकून काकूंनी तोंडाला पदर लावला. सोफा काढून घेतला तिथे त्या भिंतीला टेकल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. बऱ्याच वेळाने श्वास सापडल्यावर त्यांनी नवऱ्याकडे बघितलं.

"आणि तुम्ही हो? तुम्हाला नाही हसू आलं?"

"ड्युटीवर होतो," काका म्हणाले.

मग त्यांनी हातातला चहाचा कप सावकाश स्टुलावर ठेवला, कडेपासून आत सरकवला, आणि हसायला लागले.